कापूस दिसला म्हणजे फंगसच असं नाही

घरच्या टाकीतल्या नव्या मॉली माशाच्या तोंडाला पांढरं काही दिसलं आणि फोटो घेऊन दुकानात गेलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "फंगस आहे जी. निळं औषध टाका, हीटर लावून द्या, काही होत नाही."

मीही तेच केलं होतं. फेब्रुवारी होता, ४० लिटरच्या क्वारंटाइन टबात (नवे मासे आधी वेगळे ठेवायचा टब) सहा मॉली होत्या. संध्याकाळी एकीच्या ओठांवर लिपस्टिक लावावी तशी पांढरी किनार दिसली. मेथिलीन ब्लू, म्हणजे तेच निळं औषध टाकलं, हीटर ३० अंशांवर नेला आणि निवांत झोपलो. सकाळी दोन तळाशी पडलेल्या, रात्रीपर्यंत चार गेल्या. औषध कमी पडलं असेल म्हणून मी पाणी आणखी निळं करून राहिलो होतो. खरं तर ती फंगस नव्हतीच, ते कॉलम्नॅरिस होतं, जिवाणूमुळे होणारा रोग.

दोन्हींना आपण "कापूस" म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. पण विदर्भातल्या माणसाला कापूस ओळखता यायला हवा! फंगसचा कापूस बोंडातून फुटल्यासारखा असतो. धागे सुटे, उभे, पाण्याच्या प्रवाहात हलणारे. मासा पाण्याबाहेर काढला की हे धागे चिकट बुळबुळीत होऊन अंगाला बसतात. जुना झाला की त्यात शेवाळ आणि कचरा अडकून तो हिरवट-तपकिरी दिसतो. कॉलम्नॅरिस अंगाला चिकटून असतं, दुधावर साय धरावी तसं. रंग मळकट पांढरा, कधी पिवळसर, कडेला लालसर रेघ. जागा बघा: ओठ, झिजलेल्या परांच्या कडा, आणि पाठीवरच्या पराखाली दोन्ही बाजूंना उतरलेला फिकट पट्टा, घोड्यावर खोगीर टाकावं तसा. हा पट्टा दिसला तर मी दुसरा विचार करत नाही.

कधीकधी बाहेर काहीच दिसत नाही. रोग कल्ल्यांत असतो आणि मासा पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकतो.

फंगस म्हणजे बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया. ही पाण्यातली बुरशी आणि शास्त्राच्या हिशेबानं धड बुरशीही नाही, तिचं नातं तपकिरी शैवालाशी जवळचं. तिला मेलेली कातडी लागते. जाळीनं खरचटलेलं, दुसऱ्या माशानं चावलेलं, नाहीतर न फळलेली अंडी. म्हणून ती सहसा एकाच माशावर, जखमेच्या जागी येते आणि काही दिवस घेत वाढते. डिसेंबरात नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, हीटर नसलेल्या टाक्या गारठतात, तेव्हा तिचा जोर जास्त.

कॉलम्नॅरिस हा जिवाणू आहे, फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी. १९२२ साली डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं मिसिसिपी नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे लांबट जिवाणू एकत्र जमून खांबासारखे ढीग रचतात, त्यावरून नाव पडलं. कॉलेजात कुणी ओळखीचं असेल तर काचपट्टीवर खरवड ठेवून बघा: फंगसचे जाड, फाटे फुटलेले धागे लगेच कळतात. आपल्यासाठी मुद्दा असा की हा जिवाणू उबेत फोफावतो. पाणी जितकं गरम, तितका तो घातक. तिखट जातीचा असेल तर एकदोन दिवसांत टाकी रिकामी करतो, आणि तो एका माशावर थांबत नाही.

आता हीटरची सवय कुठून आली? पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारात, म्हणजे इचमध्ये, पाणी ३० अंशांवर नेणं हा जुना उपाय आहे आणि तो चालतो. तिथला उपाय इथे आणला की आगीत तेल. शिवाय २४ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला साधारण ८.४ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना ७.३. कल्ले सडलेल्या माशाला तेवढा फरकही जड जातो.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, तर हीटरची गरजच नाही, बंद खोलीतलं पाणी आपोआप तापतं. तेव्हा टबाचं झाकण काढून वर जाळी बांधायची आणि पाण्यावर लहान पंखा सोडायचा. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनानं पाणी दोनतीन अंश सहज उतरतं. कूलरचंच गणित आहे, म्हणून पावसाळा लागला की तेही कामातून जातं.

उपचारांत मीठ दोन्हींना चालतं. खडे मीठ, लिटरला १ ते ३ ग्रॅम, आधी मगात विरघळवून हळूहळू. (तळाशी फिरणारे कोरीडोरास मासे असतील तर कमीकडेच राहा.) हवेचे बुडबुडे सोडणारा दगड जोरात. पाण्याचा चौथा भाग रोज बदला, नळाचं असेल तर अँटीक्लोरीन घालून. फंगसला मेथिलीन ब्लू ठीक, फक्त ते फिल्टरमधले चांगले जिवाणूही मारतं, त्यामुळे मुख्य टाकीत नको. कॉलम्नॅरिस वाढलं असेल तर अँटिबायोटिक लागतं, आणि इथे आपलं बोअरचं जड पाणी आडवं येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला बांधून ठेवतं, औषध पाण्यात असूनही नसल्यासारखं. जड पाण्यात हा जिवाणू कल्ल्यांना जास्त घट्ट चिकटतो, ते वेगळंच. घरातल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून टाकू नका. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नागपुरात आहे, त्या विषयातला जाणकार शोधून विचारलेलं बरं.

ओळख पटत नसेल तर मी आधी कॉलम्नॅरिस धरतो. फंगसला दोन दिवस उशीर झाला तर मासा सहसा टिकतो, याला झाला तर उरत नाही. म्हणजे हीटर बंद, मीठ, हवा, आणि आजारी मासा वेगळ्या बादलीत. उरलेल्या दोन मॉलींना असंच ठेवलं, दोघी वाचल्या. एकीचा वरचा ओठ अजून वाकडा आहे, दाणा पकडताना दोनदा चुकते.

क्वारंटाइन चार आठवडे, आणि टबातले मासे पकडायची जाळी वेगळी. माझी लाल दोरा बांधलेली आहे, वापरली की गच्चीवर उन्हात.