नर्स प्रॅक्टिशनर आणि खानदेशातील ग्रामीण आरोग्यसेवा

रुग्ण तपासून निदान करण्याचा आणि ठरावीक मर्यादेत स्वतःच्या सहीने औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली उच्चप्रशिक्षित परिचारिका म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. असा पहिला अभ्यासक्रम १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केला. भारतात गावपातळीवर या नावाचे पद नाही. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला, पण तो मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांपुरता. काम मात्र गावात आहे, आणि खानदेशात ते कुणी ना कुणी करतेच आहे.

खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. तापीकाठच्या केळी-कापसाच्या पट्ट्यात दवाखाना गाठणे फारसे अवघड नाही. खरी अडचण सातपुड्यात, विशेषतः धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत. आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र (सपाटीवर ५,००० मागे) हा निकष कागदावर उदार दिसतो. पण पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असले की लोकसंख्येपेक्षा अंतरच महत्त्वाचे ठरते. काही पाड्यांवरून रुग्णाला आजही बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदाकाठच्या गावांना बोटीतला दवाखाना.

अशा ठिकाणी पहिला निर्णय उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचा, म्हणजे एएनएमचा. गरोदरपणात रक्तदाब चढून बाईला झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस (दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, स्नायूत खोलवर) देऊन तिला पुढे पाठवण्याची मुभा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यसेविकेला दिली आहे. जीव वाचतो तो बहुधा या एका डोसामुळे. गाडी नंतर येते. बाकी लसीकरण, हिमोग्लोबिन तपासणी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी ही रोजची कामे. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने ही चाचणी इथे विशेष महत्त्वाची.

२०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आले. बीएएमएस किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि वर सहा महिन्यांचे प्रशिक्षण. नर्स प्रॅक्टिशनरच्या सर्वांत जवळचे पद हेच, मात्र ते कंत्राटी. मधुमेह-रक्तदाबाची औषधे सीएचओ देतात, पण सहसा डॉक्टरांनी सुरू केलेली किंवा ई-संजीवनीवर (डॉक्टरांच्या ऑनलाइन सल्ल्याची सरकारी सेवा) विचारून. जिथे मोबाइलला रेंजच नाही तिथे विचारायचे कसे, याचे उत्तर या रचनेत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मध्यम स्तरावरील सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला.

पदवीत न शिकवलेल्या दोन गोष्टी इथे लागतात. एक, पावरी-भिलीत बोलणे. मैदानातून आलेल्या सिस्टरला सुरुवातीला आशाताईच दुभाषी. दुसरी, स्थलांतराचा हिशेब. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघतात. म्हणून गरोदर बाईच्या तपासण्या आणि बाळाचे डोस निघण्याआधी उरकून, माता-बाल कार्ड तिच्या हाती द्यावे लागते.