सी-आर्म चालू असताना: ओटी स्टाफ आणि पेशंटसाठी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इकडच्या छोट्या हॉस्पिटल्सना आम्ही एक्सरे अडवणारे लेड (शिशाचे) ॲप्रन, गळ्यासाठी थायरॉइड कॉलर पुरवतो आणि जुने ॲप्रन तपासून देतो. डिलिव्हरीला गेलो की सिस्टर किंवा वॉर्डबॉय हमखास विचारतात, ॲप्रन घातला की झालं ना? तेवढ्याने होत नाही, म्हणून हे लिहून देतोय.

सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर एक्सरे दाखवणारं मशीन. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तुमच्या अंगावर येणारं रेडिएशन बहुतेक करून पेशंटच्या शरीरावर आपटून आजूबाजूला पसरलेलं असतं, त्याला स्कॅटर म्हणतात, आणि बीम, म्हणजे एक्सरेचा झोत, ज्या बाजूने पेशंटमध्ये शिरतो तिकडे ते सगळ्यात जास्त. म्हणून ट्यूब (एक्सरे सोडणारा भाग) टेबलाखाली ठेवायची, वर घेतली की तेच स्कॅटर सरळ डोळ्यांवर आणि गळ्यावर येतं. लॅटरल, म्हणजे बाजूने आडवी इमेज, घेताना ट्यूबकडे उभं न राहता डिटेक्टरच्या (समोरून इमेज पकडणाऱ्या भागाच्या) बाजूला या. आणि ज्याचं त्या मिनिटाला काम नाही त्याने मागे सरकावं, अंतर दुप्पट झालं की डोस साधारण पाव होतो, याला पैसेही पडत नाहीत.

बीममध्ये हात अजिबात नको. लेडचे ग्लोव्हज घालून हात घातला तरी मशीन समोर जाड काहीतरी आलं समजून आपोआप एक्सरे वाढवतं, म्हणजे पेशंटलाही जास्त आणि तुम्हालाही.

पेशंटचा डोस मुख्यतः एक्सरे चालू करायच्या पेडलवरच्या पायावर आहे. स्क्रीनवर शेवटची इमेज राहते ना, ती बघून विचार करा, पेडल दाबून ठेवून नको. पल्स मोड (सलग न सोडता तुटक तुटक एक्सरे) लावा, कोलिमेटर (बीम अरुंद करणाऱ्या पट्ट्या) आवळा, डिटेक्टर पेशंटच्या जवळ आणि ट्यूब लांब, मॅग्निफिकेशन गरजेपुरतंच. केस लांबली तर एकाच जागच्या त्वचेवर मारा होतो, अँगल बदलता आला तर बदला आणि नंतर तिथे लाली येते का ते बघायला नातेवाईकांना सांगा. बाईपेशंटला प्रेग्नन्सीबद्दल आधी विचारायचंच, लाजायचं नाही. नातेवाईक घाबरून विचारतात की किरण अंगात राहतात का, तर नाही राहत, मशीन बंद झालं की संपलं.

टीएलडी बॅज (तुमच्या अंगावर आलेला डोस मोजणारा) छातीवर, ॲप्रनच्या आत. ओटीत खुंटीवर टांगून गेलात तर रीडिंग तुमचं येणार नाही, खोलीचं येईल. एईआरबीची (रेडिएशन सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची) स्टाफसाठीची मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोसचं माप) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर जायचं नाही. स्टाफमधली कोणी प्रेग्नंट असेल तर तिने लगेच सांगावं, ड्युटी बदलता येते.

आता ॲप्रन. 0.25 किंवा 0.5 एमएमचा असो, घडी घालून स्टुलावर टाकला की आतलं लेड हळूहळू चिरतं आणि बाहेरून कव्हर अगदी नवं दिसतं. रुंद हँगरवरच लावा, मशीनमध्ये धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. फक्त पुढून झाकणारा असेल तर मशीन चालू असताना पाठ फिरवू नका. वर्षातून एकदा सगळे ॲप्रन फ्लुरोखाली, म्हणजे सी-आर्मच्या चालू एक्सरेखाली, बघून घ्या, चीर सापडली तर त्यावर मार्करने खूण करून बाजूला काढा, पुन्हा त्याच खुंटीवर नको, रात्रीच्या इमर्जन्सीत नेमका तोच कोणीतरी अंगावर चढवतं.