मात्सुई आणि १९९२ चे ते पाच वॉक: पार्श्वभूमी

जपानी बेसबॉलपटू हिदेकी मात्सुईचं नाव बातमीत आलं की दोन आकडे हमखास येतात. एक ५०७, म्हणजे जपान आणि अमेरिका मिळून त्याचे होमरन (बॉल थेट कुंपणापलीकडे मारणं), आणि दुसरा ५५, त्याचा जर्सी नंबर. पण जपानमधे चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारलं तर तो आधी १६ ऑगस्ट १९९२ बद्दल बोलेल. त्या दिवशी पाचही वेळा त्याला मारण्याजोगा बॉलच टाकला नाही, मात्सुईनं बॅट एकदाही फिरवली नाही आणि तरी त्याच्या करिअरमधली सगळ्यात जास्त वाद झालेली मॅच तीच आहे. नवीन वाचकांना हे कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मात्सुई १९७४ चा, इशिकावा प्रांतातल्या नेआगारी गावचा. हे गाव आता नोमी शहरात येतं. लहानपणी उजव्या हातानं एवढं जोरात मारायचा की बरोबरीच्यांनी त्याला डावखुरं खेळायला लावलं आणि तो तसाच पुढे आला. कानाझावाच्या सेइर्यो हायस्कूलमधे तो थर्ड बेसजवळ फिल्डिंग करायचा, आउटफिल्डर (मागच्या मोकळ्या मैदानातला फिल्डर) नंतर झाला. १९९२ च्या स्प्रिंग टूर्नामेंटच्या आधी कोशिएन या हायस्कूल बेसबॉलच्या देशपातळीच्या स्पर्धा होतात त्या स्टेडियममधलं आतलं कुंपण काढून टाकलं होतं, म्हणजे होमरनसाठी बॉल आणखी लांब मारावा लागणार होता, आणि नेमक्या त्याच टूर्नामेंटमधे या पोरानं तीन होमरन मारले. 'गॉडझिला' हे नाव तोपर्यंत पेपरवाल्यांनी चिकटवलेलं होतं. एवढा मोठा गाजावाजा घेऊन तो समरला परत कोशिएनला आला.

दुसऱ्या राऊंडला समोर कोची प्रांतातली मेइतोकु गिजुकू शाळा होती. त्यांचा मुख्य पिचर कोपराच्या दुखापतीमुळे बाहेर होता आणि बॉल टाकत होता तो मूळचा आउटफिल्डर. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण रागाच्या भरात लोक नेमका हाच विसरतात. कोचनी आधीच ठरवलेलं होतं की मात्सुईला खेळायलाच द्यायचं नाही, म्हणजे चार बॉल लांबून टाकायचे आणि त्याला फुकट फर्स्ट बेस द्यायचा, यालाच वॉक म्हणतात. बेसबॉलमधे चारही बेस फिरून आलं की एक रन होतो आणि तीन आऊट झाले की इनिंग संपते. पहिल्या इनिंगला थर्डवर रनर होता, वॉक. तिसऱ्याला सेकंड आणि थर्ड दोन्हीकडे रनर, वॉक. पाचव्याला फर्स्टवर रनर, वॉक. इथपर्यंत निदान हिशोब तरी दिसतो. सातव्या इनिंगला दोन आऊट होते, बेसवर कुणीच नव्हतं आणि तरीही वॉक दिला, तिथे स्टेडियमचा आवाज बदलला. नवव्याला दोन आऊट, थर्डवर रनर, सेइर्यो ३-२ ने मागे, पुन्हा वॉक. एकूण वीस बॉल, एकही मारण्याच्या टप्प्यात नाही. स्टँडमधून मेगाफोन, कचरा, हाताला लागेल ते मैदानात पडायला लागलं आणि मॅच थांबवावी लागली. ती सुरू झाल्यावर पुढचा बॅटर आऊट झाला आणि सेइर्योचा विषय तिथेच संपला.

मॅचनंतर जिंकलेल्या शाळेचं गीत वाजायची पद्धत आहे, त्या दिवशी ते चालू असताना प्रेक्षक 'परत जा' म्हणून ओरडत होते. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांवर. हायस्कूल बेसबॉल फेडरेशनच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर उघड नाराजी दाखवली, खेळायला द्यायला हवं होतं या अर्थाचं बोलले. माझ्या मते ते चुकलंच, कारण नियम मोडलेला नसताना फेडरेशनच्या प्रमुखानं एका शाळेबद्दल असं बोलल्यावर लोकांच्या रागाला परवानगीच मिळाली. पुढच्या मॅचला मेइतोकु ०-८ हरली.

आता हे बरोबर होतं का? कोचची बाजू सरळ आहे. त्यांच्या हातात जखमी संघ होता, समोर शाळकरी पोरांमधे प्रौढ खेळाडू असावा असा बॅटर होता आणि नियमात वॉक द्यायला कुठेही बंदी नव्हती. जिंकण्यासाठी घेतलेला निर्णय होता आणि तो घेणारा कोच होता, पिचर नव्हे. दुसरी बाजू अशी की कोशिएन ही शिक्षणाचा भाग म्हणून भरवलेली स्पर्धा आहे आणि तिथे एका मुलाला पाचही वेळा खेळू न देणं हे त्या भावनेला धरून नाही. मी बरीच वर्षं पहिल्या बाजूनं विचार करत आलोय आणि पहिल्या तीन वॉकबद्दल आजही तसाच करतो. सातव्या इनिंगचा वॉक मात्र मला पटत नाही. बेस रिकामे, दोन आऊट, तिथे होमरन बसला असता तरी एकच रन गेला असता आणि मॅच बरोबरीत आली असती. त्या एका वॉकमुळे बाकी चार वॉकमागचा विचारही लोकांच्या नजरेत पडला. क्रिकेट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा राग समजायला जरा वेळ लागतो कारण आपल्याकडे बॅट्समनला असं पूर्ण मॅच बाजूला ठेवता येत नाही.

आणि मात्सुई? त्यानं बॅट शांतपणे खाली ठेवली आणि पाचही वेळा फर्स्ट बेसला गेला. समोरच्या संघाबद्दल तेव्हाही वाईट बोलला नाही आणि नंतरही नाही. पुढे त्यानं या अर्थाचं सांगितलंय की पाच वेळा टाळावं असाच बॅटर आपण होतो हे सिद्ध करायची जबाबदारी त्या दिवशी अंगावर आली. हे वाक्य मी त्याच्या सगळ्या करिअरला लावून बघतो आणि ते लागू पडतं.

त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधे, म्हणजे टीमनी नवे खेळाडू निवडायच्या पद्धतीत, चार टीमनी त्याला मागितलं आणि चिठ्ठी योमिउरी जायंट्सची निघाली. ती काढणारे होते जायंट्सचे गाजलेले माजी खेळाडू आणि नुकतेच मॅनेजर (मुख्य कोच) म्हणून परतलेले नागाशिमा. मात्सुई लहानपणापासून हानशिन या दुसऱ्या टीमचा फॅन होता, पण गेला जायंट्सकडे. नागाशिमांनी त्याला हजार दिवसांत चौथ्या नंबरचा बॅटर (टीमचा मुख्य फटकेबाज) करायचं ठरवलं आणि वर्षानुवर्षं एकट्याला समोर उभं करून स्विंग करून घेतले. या दहा वर्षांची सगळी माहिती सगळीकडे मिळते, त्यामुळे थोडक्यात: १९९६, २०००, २००२ असे तीन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा अवॉर्ड), तीन वेळा होमरन किंग, ३३२ होमरन. २००२ ला ५० होमरन आणि १०७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन) होते, दोन्हीत पहिला. सरासरी ०.३३४ होती पण त्यात दुसऱ्यानं बाजी मारली आणि तिहेरी मुकुट (तिन्हीत पहिलं येणं) हुकला.

१ नोव्हेंबर २००२ ला त्यानं फ्री एजंट (कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा खेळाडू) म्हणून अमेरिकेला जायचं जाहीर केलं. चेहरा पडलेला होता, लोक गद्दार म्हणतील तरी जायचंय असं म्हणाला. हे आज वाचताना अती वाटेल, पण तेव्हा जायंट्सचा चौथा बॅटर म्हणजे जपानी बेसबॉलचाच चेहरा आणि तो निघून जाणं लोकांना फार लागलं. न्यूयॉर्क यांकीज टीमनं तीन वर्षांसाठी २.१ कोटी डॉलर दिले. ८ एप्रिल २००३ ला घरच्या मैदानावरच्या पहिल्याच मॅचमधे त्यानं ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना होमरन) मारला, तरी पहिल्या सीझनला होमरन फक्त १६ होते आणि न्यूयॉर्कचे पेपर कुरकुरत होते. आरबीआय मात्र १०६.

त्या वर्षीच्या रुकी ऑफ द इयरचं (सर्वोत्तम नवख्या खेळाडूच्या अवॉर्डचं) मतदान हा दुसरा वाद. मात्सुई ८८-८४ असा चार पॉइंटनी हरला आणि मत देणाऱ्यांपैकी दोघांनी त्याचं नाव मुद्दाम लिहिलंच नव्हतं, कारण काय तर जपानमधे दहा वर्षं खेळलेला माणूस नवखा कसा. नियम तसं म्हणत नव्हता. १९९५, २००० आणि २००१ मधे जपानहून आलेल्यांनाच हा अवॉर्ड मिळालेला होता, मग २००३ लाच हा प्रश्न कसा सुचला? हा निर्णय मला कोशिएनच्या वॉकपेक्षाही जास्त खटकतो, कारण तिथे कोच निदान नियमाच्या आत होता.

अमेरिकेत त्याचं खरं मोल होतं रोज हजर राहणं. जपान-अमेरिका मिळून सलग १,७६८ मॅच खेळला आणि ११ मे २००६ ला लेफ्ट फिल्डला घसरत कॅच घेताना डावं मनगट मोडलं तेव्हा ती साखळी तुटली. त्यानंतर त्यानं टीमची माफी मागितली, हाड स्वतःचं मोडलेलं असताना. अमेरिकन पत्रकारांना हे काही केल्या कळेना. मग गुडघे गेले, फिल्डिंग बंद झाली, आणि २००९ च्या वर्ल्ड सिरीजला (अमेरिकेतल्या लीगची फायनल) फिलाडेल्फियातल्या तिन्ही मॅचला तो फक्त पिंच हिटर (मधेच दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारा) होता. तरीही १३ पैकी ८ हिट, ३ होमरन. सहाव्या मॅचला एकट्याचे सहा आरबीआय, यांकीज चॅम्पियन, मात्सुई सिरीजचा एमव्हीपी. आणि नवा काँट्रॅक्ट मिळालाच नाही. मग एंजल्स, अॅथलेटिक्स, रेज अशा टीम झाल्या आणि डिसेंबर २०१२ ला रिटायर झाला.

२०१३ ला नागाशिमांसोबत त्याला सरकारचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, २०१८ ला जपानच्या हॉल ऑफ फेममधे गेला. पाच वॉकवाल्या कोचचंही करिअर संपलं नाही, २००२ ला त्यांनी मेइतोकुला समर कोशिएन जिंकून दिली आणि २०२३ ला जपानच्या अंडर-१८ संघाला वर्ल्ड कप. २०२० पासून तर हायस्कूलमधेही नुसतं अंपायरला सांगून वॉक देता येतो, बॉल टाकावेच लागत नाहीत. म्हणजे आज तीच मॅच झाली असती तर ते वीस बॉल कुणी बघितलेच नसते.

जून २०२५ ला नागाशिमा गेले आणि मात्सुई जायंट्सचा मॅनेजर होणार का ही चर्चा परत सुरू झाली. तो न्यूयॉर्कला राहतो आणि यांकीजच्या तरुण बॅटरना शिकवतो. नागाशिमांना आपण एक शब्द दिलाय एवढंच त्यानं सांगितलं, कसला ते सांगितलं नाही. टोकियोचे पेपर त्याचा अर्थ मॅनेजरपद असाच लावतायत.