टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये ड्रॉइंगवर २५ मिमीचं बोअर (आतलं गोल भोक) नुसतं '२५' असं लिहून भागत नाही. पुढे मर्यादा लागते, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते; तोच टॉलरन्स. एच-सेव्हन या ठरलेल्या दर्जाची मर्यादा असेल तर २५.००० ते २५.०२१ मिमी. ऑपरेटर प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दोन टोकांची दांडी) उचलतो. 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू जाता कामा नये. झालं, पीस पास. आणखी सुबक करता आला असता का, हे तिथे कुणी विचारत बसत नाही. मर्यादा निम्म्यावर आणली की लेथवर भागणारं काम ग्राइंडिंगला नाहीतर होनिंगला पाठवावं लागतं, आणि खर्च वाढतो. मर्यादा शून्य केली तर एकही पीस पास होणार नाही, हे शेडमधल्या नव्या पोरालाही कळतं.

स्वतःचा धंदा सुरू करताना मात्र हीच माणसं टॉलरन्स लिहायला विसरतात. 'एकदम परफेक्ट झालं की बाजारात उतरू' हे ते शून्य टॉलरन्सचं ड्रॉइंग.

हळदीचंच उदाहरण घेऊ, सांगलीत दुसरं कशाला शोधायचं? मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंडं आणली, दळून घेतली, पाव किलोची पाकिटं भरून विकायची. माल चांगला आहे. तरी सहा महिने झाले, एक पाकीट दुकानात गेलेलं नाही. लोगोचा पिवळा हळदीच्या पिवळ्याशी जुळत नाही, पाऊचची झिप हलकी वाटते, वेबसाइट अर्धी आहे. पाडव्याला सुरू करायचं ते अक्षय्य तृतीयेवर गेलं, तिथून दसऱ्यावर. नवं वर्ष, नवा महिना, वाढदिवस असे टप्पे माणसाला नव्याने सुरुवात करायची उभारी देतात, हे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. मागच्या चुका जुन्या खात्यावर टाकून कोरी वही उघडता येते, म्हणून. पण ज्याला आज दुकानात जायची धास्ती आहे त्याला ही कोरी वही पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबायची सोयही करून देते. साडेतीन मुहूर्तांच्या आपल्या पंचांगात अशा सोयी भरपूर.

'तो फार परफेक्शनिस्ट आहे, म्हणून उशीर होतो' असं आपण सहज म्हणतो. अभ्यास इतकं सरळ उत्तर देत नाहीत. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी चालढकलीवरचं तोवरचं संशोधन एकत्र केलं, तेव्हा परफेक्शनिझमचा संबंध अगदीच फिका निघाला. गोम कुठे होती ते २०१७ मध्ये फ्युशिया सिरॉइस आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यास एकत्र तपासल्यावर स्पष्ट झालं. परफेक्शनिझम या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक, उत्तम करण्याची ओढ, ती जास्त असलेली माणसं चालढकल उलट कमी करतात (सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात त्याचं माप, उणे ०.२२). दुसरी, चुकण्याची धास्ती: चुकलं तर माझी किंमत काय, लोक काय म्हणतील, मी केलं ते बरोबर आहे ना. ती जास्त, तर चालढकलही जास्त (अधिक ०.२३). दोन्हींची बेरीज केली की उत्तर शून्याजवळ येणारच.

०.२३ हा आकडा मोठा नाही, हेही सांगायला हवं. चालढकलीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम पाच टक्के वाटा यातून समजतो. स्टील यांच्या यादीत कामाचा कंटाळा, फळ लांब असणं, स्वतःच्या क्षमतेवरचा अविश्वास आणि मन चटकन भरकटणं ही कारणं जास्त ठळक आहेत. शिवाय यात विद्यार्थ्यांवरचे अभ्यास पुष्कळ आहेत. तेव्हा जीएसटीचं रिटर्न भरायचा कंटाळा येत असेल तर त्याला परफेक्शनिझम म्हणून गौरवू नये. तो कंटाळाच.

पण जिथे धास्ती खरी आहे तिथे ती कशी काम करते, हे जवळून बघण्यासारखं आहे. रात्रीचे साडेनऊ. मोबाइलवर किराणा दुकानदाराचा नंबर उघडलेला. मेसेज लिहून झालाय: 'काका, पाव किलोचं पाकीट तुम्हाला ८५ ला पडेल. पाच पाकिटं ठेवून बघता का?' अंगठा बाणावर टेकणार, तेवढ्यात नजर समोरच्या पाकिटावर जाते. सील एका कोपऱ्यात दोन मिमी तिरकं आहे. छातीतली धडधड तिथल्या तिथे कमी होते, कारण न पाठवायचं कारण सापडलं. मेसेज पुसला जातो, सीलिंग मशीन तापायला लागतं आणि पुढचा दीड तास झकास काम होतं.

यातला महत्त्वाचा क्षण धडधड कमी झाली तो. नको असलेली गोष्ट टळली की जे हायसं वाटतं ते मेंदूला बक्षिसासारखंच असतं, आणि ज्या कृतीने ते मिळालं ती कृती पुढच्या वेळी आधी आठवते. चालढकल वेळेच्या नियोजनापेक्षा मूड सांभाळण्याशी जास्त जोडलेली आहे, असं सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलं ते याच अर्थाने: आत्ताचं बरं वाटणं, उद्याच्या मीच्या खर्चाने. लोळत पडणाऱ्याला घरचे बोलतात तरी. सील सरळ करत बसलेल्याला आई चहा आणून देते.

शेवटच्या दिवशी घाईत उरकण्यालाही एक छुपा फायदा आहे. माल चालला नाही तर 'वेळच मिळाला नाही' म्हणता येतं, आणि स्वतःच्या कुवतीवरचा निकाल लांबणीवर पडतो. स्वतःच्याच वाटेत अडथळा ठेवण्याच्या या सवयीवर १९७८ पासून प्रयोग झालेले आहेत.

नोकरीत निदान साहेब असतो, तारीख असते. मालकाला दोन्ही नाही. त्यात गाव लहान. परफेक्शनिझम मोजण्याची एक प्रसिद्ध प्रश्नावली पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये केली. तिच्यात स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा आणि 'इतरांना माझ्याकडून परिपूर्णता हवी आहे' ही भावना असे तीन प्रकार आहेत. धास्तीला सर्वांत जास्त खतपाणी तिसऱ्याचं. सातारच्या पोवई नाक्यावर पाटी लागली की संध्याकाळी राजवाड्यावर तिची चर्चा, आणि पहिलं गिऱ्हाईक बहुधा पाहुण्यांतलंच. म्हणून एक साधा उपाय: पहिली खेप ओळखीच्या गावात विकूच नये. सांगलीकराने कराडला जावं, सातारकराने विट्याला. तिथे पाकीट नाकारलं तर ते पाकीटच नाकारलं जातं. अमक्याचा मुलगा नाकारला जात नाही.

बाजारात गेल्याशिवाय कळत नाहीत अशाही गोष्टी असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आत्ताच्या पलूस तालुक्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, त्याच्या आधीपासून ते लोखंडी नांगर करत होते. सुरुवातीला शेतकरी नांगर घेईनात, कारण लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत होती. नांगराचा फाळ कारखान्यात कितीही घासला असता तरी ही हरकत तिथे ऐकू आली नसती.

आता गेज कसा करायचा ते. कामं दोन ढिगांत वाटायची: चुकलं तर परत फिरवता येतं ते एकीकडे, येत नाही ते दुसरीकडे. हळद पावडरीत दुसरा ढीग लहान आणि कडक आहे. ओलावा १० टक्क्यांच्या आत, कर्क्युमिनॉइड्स (हळदीला पिवळेपणा देणारे घटक) किमान २ टक्के, लेड क्रोमेट (भेसळीचा विषारी पिवळा रंग) अजिबात नको, वजन पूर्ण, लेबलवर परवाना क्रमांक, तारीख, किंमत, पत्ता. इथे जीव तोडून काटेकोर राहावं. दळलेली पावडर गरम असतानाच भरली तर वाफ आत धरते, गुठळ्या होतात, आणि पावसाळ्यात बुरशी. ती लोगोने झाकत नाही.

बाकी सगळं पहिल्या ढिगात. तिथे गुणवत्तेऐवजी वेळ मोजायचा. लेबलला दोन तास, दुकानदाराला काय सांगायचं त्याला वीस मिनिटं, गजर लावून. छापील पाऊच पहिल्या खेपेला नकोच: त्यासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, छपाई किलोच्या हिशेबात घ्यावी लागते, आणि मग बदलायची भीती खरोखरच रास्त ठरते. कोरा पाऊच, वर स्टिकर. चूक झाली तर पुढचे स्टिकर वेगळे काढायचे. धास्ती कमी करायची असेल तर आधी चूक स्वस्त करावी लागते.

मग गेज कागदावर. गो: शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत २० पाकिटं चार दुकानांत ठेवलेली. नो-गो: ओलावा १० च्या वर, किंवा एखादं पाकीट वजनाला कमी. या दोन ओळींत नाही त्या कारणासाठी खेप थांबवायची नाही. पाच किलो माल. सगळा परत आला तरी दुकानदाराच्या भावाने १,७०० रुपयांचा, आणि घरी हळद संपायचीच असते.

आणि मेसेज पुसण्याच्या त्या क्षणासाठी जर-तरचं वाक्य आधीच ठरवून ठेवायचं: 'दुकानात जाताना पाकिटात खोट दिसली, तर वहीत लिहीन आणि आत जाईन.' हे किरकोळ वाटतं, पण पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा जर-तर बेतांवरचे ९४ अभ्यास एकत्र केले, तेव्हा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. 'नक्की करणार' असं नुसतं ठरवल्याने तेवढं होत नाही, कारण ऐनवेळी निर्णय पुन्हा घ्यावा लागतो आणि ऐनवेळी धास्ती जिंकते.

तारीख धरतानाही खबरदारी हवी. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत संपेल असा अंदाज केला, लागले ५५.५. आपल्या मागच्या कामाला अंदाजाच्या किती पट वेळ लागला ते काढावं आणि त्याच पटीने नवी तारीख धरावी. चुकण्याची धास्ती असलेल्याला हुकलेली तारीख फार लागते, आणि तो सगळंच सोडून देतो.

यात बिघडतं कुठे? काही जण हे दोन ढीगच परफेक्ट करत बसतात, रंगीत एक्सेल करून. काही जण 'चालतंय की' म्हणत सूट चुकीच्या ढिगात देतात, ओलावा तपासतच नाहीत. तिसरा घोळ व्हॉट्सअॅप ग्रुपवर: लेबलचा फोटो टाकला की चौदा मतं येतात, त्यातली एकही व्यक्ती हळद विकत घेणार नसते. मत विचारायचं तर दुकानदाराला, आणि तेही एकच: 'पैसे देऊन ठेवून घेता का?'

आणि शनिवार हुकलाच तर स्वतःला कोसत बसू नये. २०१० मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. कोसण्याने काम आणखी नकोसं होतं, आणि नकोशा कामापासून पळायची वाट आपल्याला आधीच पाठ असते.

पहिल्या खेपेनंतर वहीत दुकानागणिक तीनच नोंदी ठेवाव्यात: किती पाकिटं गेली, किती परत आली, दुकानदाराने स्वतःहून काय विचारलं. स्टिकर बदलायचा की नाही ते या तिसऱ्या रकान्यावरून ठरवायचं. त्यात सीलचा उल्लेख आला, तर मशीन दुरुस्तीला द्यायचं.