ट्रॉली मागे घेता येते, म्हणून ट्रेलर येईलच असं नाही

पिंपळगाव बसवंतला कांद्याचा लिलाव उरकला की व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. भुईकाट्यावरून आलेली भरली ट्रॉली दोन ढिगांच्या मधे उलटी घालायची असते, दोन्ही बाजूंना हातभर जागा. आमच्या निफाड-दिंडोरीकडची पोरं हे काम मान मागे वळवून, एका हातानं स्टेअरिंग फिरवत, गप्पा मारता मारता करतात. बघणाऱ्याला कौतुक वाटावं असंच ते कसब आहे.

माझा भाचा त्यातलाच. त्याला आता न्हावाशेव्याच्या बंदरात द्राक्षांचे कंटेनर नेणारा ट्रेलर चालवायचा आहे. आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ मोकळ्या जागेत पहिल्यांदा केबिनमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "मामा, ट्रॉली काय नि ट्रेलर काय, उलटं तर उलटंच फिरवायचं ना?"

नियम त्यानं बरोबर सांगितला. पण त्याच भरवशावर मागे घ्यायला लागलेली पोरं पहिल्या दहा मिनिटांत ट्रेलर वाकडा करतात, आणि आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. मोटार वाहन कायदा, 1988 स्वतः माल वाहून नेण्यासाठी न बांधलेल्या वाहनाला ट्रॅक्टर म्हणतो. शेतातला ट्रॅक्टर त्यात बसतो आणि कंटेनर ओढणारा पुढचा भागही, ज्याला आपण घोडा म्हणतो. फरक आहे तो मागे जोडलेल्या गाडीत. जिचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि वजनाचा काही हिस्सा तेच वाहन पेलतं, ती कायद्याच्या भाषेत सेमी-ट्रेलर. घोड्याच्या पाठीवर फिफ्थ व्हीलची तबकडी असते. तिच्यात ट्रेलरखालची किंगपिन अडकते आणि ट्रेलरचं पुढचं सगळं ओझं तिथे बसतं. शेताची ट्रॉली हुकाला पिननं अडकवलेली असते. पुढे ट्रॉली म्हणजे दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रेलर म्हणजे कंटेनरचा, असंच धरा.

परवानाही वेगळा. रिकामं वजन 7500 किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो. कंटेनरच्या गाडीला ट्रान्सपोर्टचा परवाना लागतो. त्यासाठी वय 20 पूर्ण हवं, आणि शिकाऊ परवाना काढण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असायला हवा. परीक्षेत काय काय पाहायचं ते केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 15 मध्ये दिलं आहे. त्यात गाडी मागे घेणं आहे, आणि मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे ताबा ठेवून उलटी घालणंही आहे. मात्र ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बहुधा साधा ट्रक असते, मधे सांधा नसलेली. परवाना हातात पडतो आणि सांध्याची गाडी मागे घ्यायचं शिक्षण त्यानंतर, कुणा जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून सुरू होतं. मला ही गोष्ट मनापासून खटकते. अमेरिकेत अशा गाडीचा परवाना हवा असेल तर परीक्षाही जोडगाडीवरच द्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट. ट्रॉली असो वा ट्रेलर, सांधा एकच आहे, त्यामुळे दिशेचा नियमही एकच. मागे जाताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ओढणाऱ्या गाडीची पाठ उजवीकडे सरकते, मागच्या गाडीचं तोंड उजवीकडे ढकललं जातं आणि शेपूट डावीकडे जातं. डोक्यात उलटसुलट करत बसायचं नसेल तर हात स्टेअरिंगच्या अगदी खालच्या टोकाला धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला शेपूट जाईल.

दिशा सारखी असली तरी वेळ सारखी नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडच्या एखाद्या ट्रॉलीचं हुकापासून चाकांच्या धुरीपर्यंतचं (म्हणजे ॲक्सलपर्यंतचं) अंतर 3 मीटर धरू, आणि चाळीस फुटी ट्रेलरचं किंगपिनपासून मागच्या धुऱ्यांच्या मध्यापर्यंत 8 मीटर. दोन्हींच्या सांध्याला 20 अंशांचा बाक दिला आणि पुढची गाडी त्याच दिशेनं मागे ढकलत राहिली, तर दर मीटरला ट्रॉली सुमारे साडेसहा अंश फिरते. ट्रेलर जेमतेम अडीच.

त्यात आणखी भर पडते. ट्रॅक्टरचा हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. ट्रॅक्टर जरा फिरला की हुक बाजूला सरकतो आणि ट्रॉलीचं तोंड लगेच ढकलतो. घोड्याची फिफ्थ व्हील मागच्या चाकांच्या जवळपास वरच असते, त्यामुळे घोडा नुसता वळायला लागला तरी तबकडी बाजूला सरकत नाही. आधी घोड्याला स्वतःला वळावं लागतं, मग सांध्यात बाक येतो, आणि त्यानंतर कुठे ट्रेलरची शेपटी हलते. स्टेअरिंग फिरवल्यावर काहीच होत नाही असं वाटणारे ते दोन-तीन मीटर ट्रॉलीच्या पोराला सहन होत नाहीत. तो आणखी काटतो, म्हणजे स्टेअरिंग आणखी फिरवतो. तोवर पहिल्या काटण्याचा परिणाम सुरू झालेला असतो, आणि दोन्ही मिळून गाडी कात्रीसारखी मिटायला लागते.

ट्रॉली फार मिटली तर तिची दांडी ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला घासते. पुढे घेतलं की सुटते. ट्रेलर मिटला तर त्याच्या पुढच्या भिंतीचा कोपरा केबिनच्या पाठीला लागतो, आणि मधल्या हवेच्या पाइपांवर ताण येतो. शिकत असताना दिंडोरी तालुक्यातल्या एका शीतगृहाच्या आवारात माझ्याकडून लाल पाइप असाच निसटला. हवा सुटल्याचा आवाज आला आणि ट्रेलरचे ब्रेक जागच्या जागी लागले. त्या पाइपातली हवा गेली की ब्रेक आपोआप लागावेत अशीच रचना असते. गाडी दारात आडवी, मागे द्राक्षांच्या पेट्या घेऊन आलेले दोन टेम्पो खोळंबलेले. मी ट्रॉलीच्या हातानं ट्रेलर चालवत होतो, एवढंच झालं होतं.

ट्रॅक्टरवरची आणखी एक सवय सोडावी लागते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दाबता येतात. खळ्यावर जागा कमी पडली की आपण एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवतो. घोड्यावर अशी सोय नाही. शिवाय ट्रेलरला मागे दोन किंवा तीन धुऱ्या असतात. फार तिरकं वळवलं की त्यांचे टायर फिरायच्या ऐवजी आडवे घासत जातात. काँक्रीटवर त्याचा आवाज ऐकला की टायरची किंमत आठवते.

आणि डोळे. ट्रॅक्टरवर मान वळवली की ट्रॉलीचे दोन्ही कोपरे, फाळका, मागे उभा असलेला माणूस, सगळं एका नजरेत दिसतं. ट्रेलरवर सगळा कारभार आरशांचा. ट्रेलर सरळ असेतो दोन्ही आरशांत त्याची कड सारखी दिसते. शेपटी उजवीकडे गेली की उजव्या आरशात ट्रेलर वाढत जातो आणि डाव्यातून नाहीसा होतो. सरळ करायचं असेल तर ज्या आरशात तो वाढतोय त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवायचं. आमच्या उस्तादांनी हे एकच वाक्य आठवडाभर घोकून घेतलं होतं.

आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणून शेपटी उजवीकडे नेत मागे घेणं सोपं, खिडकीतून मान काढली की दिसतं. डावीकडे नेताना डावा आरसा आणि खाली उभा असलेला किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, एवढाच आधार. मोबाइलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी इथे जपावं. तिथला ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे त्यांची सोपी बाजू ती आपली आंधळी बाजू. माझ्या भाच्यानं असाच एक व्हिडिओ पाठ केला होता आणि सरावाला बसल्यावर अवघड बाजूच आधी धरली. एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओंतून घेण्यासारखी आहे. तिथे परीक्षेत मागे घेताना किती वेळा पुढे घेऊन गाडी सुधारली ते मोजतात, आणि प्रमाणाबाहेर झालं तर गुण जातात. तरीही सरावात वाकडं झालं की निमूट पुढे घ्यायचं, हेच तिथले शिकवणारे सांगतात. आपल्याकडे पुढे घेण्यात कमीपणा वाटतो. तो वाटू नये.

मधेच सांगतो, चार चाकांच्या ट्रॉलीचा या सगळ्याशी संबंध नाही. तिची पुढची धुरी दांडीसकट फिरते, म्हणजे सांधे दोन, आणि दिशा पुन्हा एकदा उलटते. ती चांगली मागे घेणारा माणूस ट्रेलरवर उलट जास्त गोंधळतो.

भाच्याला मी पहिले तीन दिवस वळवूच दिलं नाही. टर्मिनलजवळच्या मोकळ्या जागेत चुन्याची एक रेघ मारली आणि तिच्याकडेनं दीडशे फूट सरळ मागे यायला लावलं. अगदी पहिल्या गिअरच्या चालीनं, एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरला न लावल्यासारखा. स्टेअरिंग पाव फेरीपेक्षा जास्त फिरवायचं नाही, फिरवलं की मनात तीन आकडे मोजायचे, मग आरसा बघायचा. त्याला त्याचा राग येत होता. "मामा, एवढ्या वेळात मी चार ट्रॉल्या लावल्या असत्या." चौथ्या दिवशी मात्र शेपटी जरा डावीकडे सरकल्याबरोबर त्यानं स्टेअरिंग थोडंसं डावीकडे घेतलं, लगेच सोडलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघितली. ट्रेलर आपोआप रेघेवर आला. मी काही बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं.

वळणात तीन टप्पे असतात: बाक द्यायचा, बाक धरून मागे यायचं, आणि मग घोडा ट्रेलरच्या मागोमाग नेऊन बाक काढायचा. ट्रॉलीवर हे तिन्ही इतके झटपट होतात की एकच वाटतात. ट्रेलरवर तिसरा टप्पा वेळेआधीच सुरू करावा लागतो. ट्रेलर दाराच्या रेषेत आल्यावर स्टेअरिंग सोडायला घेतलंत तर तो रेषेच्या पलीकडे गेलेला असतो. ट्रेलर अजून तिरका दिसतोय तेव्हाच सुरुवात करा.

द्राक्षांच्या हंगामात शीतगृहाच्या दारात हे सगळं एका जागी येतं. कंटेनरची दारं बाहेर उघडतात, त्यामुळे गाडी धक्क्याला भिडवण्याआधी आठ-दहा फुटांवर थांबवावी लागते. किन्नर उतरून दारं उघडतो, पूर्ण मागे फिरवून बाजूच्या पत्र्याला हुकानं अडकवतो. ती बाजूला चिकटली की गाडी दोन्हीकडून थोडी रुंद होते, आणि धक्क्याच्या रबरी गाद्यांमधे ती नेमकी बसली नाही तर फटीतून थंडी निघून जाते. म्हणून सगळी सुधारणा दारं उघडण्याच्या आधीच करून घ्यायची. शेवटच्या त्या आठ-दहा फुटांत स्टेअरिंगला हातच लावायचा नाही, नुसतं सरळ मागे यायचं.