व्हिटवर्थ की यूएनसी: नट चढला म्हणजे आटे जुळले असं नाही

नावाची पाटी गेलेलं जुनं यंत्र खोलायला घेतलं की पहिला घोळ आट्यांत होतो. बोल्टवर हाताशी असलेला यूएनसी (युनिफाइड नॅशनल कोर्स, आट्यांचं एक प्रमाण माप) नट फिरतो, लगेच ‘यूएनसीच आहे’ असं ठरतं आणि भोक साफ करायला यूएनसी टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) फिरवला जातो. बिडाच्या बॉडीतले मूळ आटे तिथेच कापले जातात.

यूएनसी म्हणजे इंची माप, आट्याचा कोन ६० अंश. व्हिटवर्थ हे ब्रिटिश मापही इंचीच, पण १८४१ सालचं. कोन ५५ अंश, आट्याचा माथा आणि तळ दोन्ही गोल. फसवतो तो पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. पाव इंचाला दोन्हीकडे इंचामागे २० आटे, तीन सुतीला (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) १६, पाच सुतीला ११, पाऊण इंचाला १०. म्हणून नट चढतो. पण कोन वेगळा असल्याने आट्यांच्या बाजू पूर्ण अंगाने टेकत नाहीत, भार कडेवर येतो. थरथरणाऱ्या यंत्रात असा नट सैल होतो, आणि आवळायला गेलात तर आटे जातात. ‘बसतंय ना, मग चालेल’ हे म्हणणं म्हणूनच साफ चूक आहे.

अर्ध्या इंचाचा बोल्ट मात्र फसवत नाही: व्हिटवर्थला १२ आटे, यूएनसीला १३. चुकीचा नट थोड्याच वेढ्यांत अडतो. यंत्रावर चार सुती बोल्ट असेल तर आधी तोच काढा.

नसेल तर ५५ आणि ६० अंशांचे दोन वेगळे पिच गेज (आट्यांत बसवून पाहायची दातेरी पाती) लागतील. बोल्ट घासलेट आणि पितळी ब्रशने धुवा. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश लावूच नका. त्याने माथे गोल होतात आणि यूएनसी व्हिटवर्थसारखा दिसू लागतो. नटाखाली झाकला गेलेला, न झिजलेला भाग निवडा, पातं बसवून उजेडासमोर धरा. ६० अंशांचं पातं ५५ च्या खाचेत तोंडाशीच अडतं आणि खाली उजेडाची बारीक फट दिसते.

डोक्याच्या मापावर निकाल देऊ नका. तीन सुती व्हिटवर्थचं डोकं सुमारे १८ मिमी, यूएनसीचं १४.३, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातू वाचवायला डोकी एक माप लहान केली गेली, तेव्हा १५.२ मिमीचंही सापडतं. ६० अंश निघाले म्हणून यंत्र १९४९ नंतरचं, हाही उतावळेपणा. यूएनसी त्या साली ठरलं, पण अमेरिकेत विल्यम सेलर्सचा ६० अंशांचा आटा १८६४ पासूनचा आहे.

भोक साफ करायला टॅपऐवजी चेसर (आटे नव्याने न कापता फक्त साफ करणारं हत्यार) वापरा. नसेल तर त्याच यंत्राचा जास्तीचा बोल्ट घ्या, त्रिकोणी कानशीने लांबीवर तीन खाचा पाडा आणि भरपूर तेल लावून अर्धा वेढा पुढे, पाव मागे असा हाताने फिरवा. आटे आधीच गेले असतील तर व्हिटवर्थ मापाचा तारेचा इन्सर्ट (भोकात बसवायचं, आट्यांचं काम करणारं तारेचं वेटोळं) बसवा, म्हणजे मूळ बोल्ट परत त्याच जागी येतो.