गर्भाशयाच्या कॅन्सरला जनआरोग्य योजना: कागद आधी जमवा

आमच्या काकींची पाळी जाऊन सात वर्षं झालेली, आणि परत अंगावरून जायला लागलं. गणपती होऊदेत मग बघू, असं करत दोन महिने गेले. बायांनो, पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी डॉक्टरकडे जा, संबंधानंतर रक्त गेलं किंवा घाण वासाचं पाणी जात असेल तरी जा.

आता योजनेचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्ड पण चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं त्यात बसतं. पण हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे, १५५३८८ वर फोन करून आधी विचारा. तिथे आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासतात त्याचा) रिपोर्ट द्यायचा, मग डॉक्टर ऑनलाइन मंजुरी मागतात. योजना कॅशलेस आहे, म्हणजे आधी पैसे भरून नंतर बिलं दिली तर परत मिळत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. लग्नानंतर सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं, नायतर कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, किंवा कार्ड मुंबईला चाकरमान्याकडे. तहसीलच्या पुरवठा शाखेत हे आजच नीट करून घ्या, आजारपणात धावपळ होत नाही.

बायोप्सी झाली की नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, नखाएवढा तुकडा असतो त्यात, तो पण लॅबकडून मागून घ्या, परळला टाटाला गेलात तर तिथले डॉक्टर तो परत तपासतात. काकींचा ब्लॉक इकडेच राहिला आणि भाच्याला रात्रीच्या गाडीने परत यावं लागलं. मे महिन्यात ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

गर्भाशयमुखाचा असेल तर बहुतेकदा रेडिएशन साधारण पाच आठवडे, आठवड्याला एक केमो आणि मग आतून रेडिएशन असं चालतं, म्हणजे राहायची सोय आधी बघावी लागते. येण्याजाण्यासाठी हॉस्पिटलकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म सही-शिक्का मारून घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट फुकट, सोबतच्याला ७५ टक्के सूट, तिकीट मात्र खिडकीवरच काढायचं. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स आणि ओरिजिनल वेगळ्या पिशवीत, पेशंटच्या हातात नको.